वाडग्यातला हात आणि तुपाची वाटी

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, की आठवड्याच्या आत कुणीतरी जाणता माणूस एक सल्ला देऊन जातो. खाताना त्याच्या वाडग्यात हात घालायचा, मध्येच वाडगा उचलायचा, थोडा वेळ ताटकळत ठेवायचं आणि मग परत द्यायचा. लहानपणीच ही सवय लावली की मोठेपणी कुत्रा अंगावर येत नाही, मालक कोण ते त्याला कळून चुकतं, असं त्यामागचं गणित. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सांगण्यात ठामपणाही असतो, त्यामुळे तो सहसा पाळला जातो. गंमत अशी, की जेवणाऱ्या माणसाला ताटावरून उठवू नये हे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पाळलं जातं, त्याच घरात हे चालतं. कुणाच्या तोंडचा घास काढून घेणं म्हणजे आपल्या भाषेत अन्यायाची परिसीमा. कुत्र्याच्या तोंडचा घास काढला की ती मात्र शिस्त. पुढे वर्षा-दीड वर्षात तोच कुत्रा वाडग्यावर मान खाली घालून गुरगुरायला लागला, की तोच जाणता माणूस सांगतो, ‘तुम्ही त्याला धाकात ठेवलं नाहीत.’ मला वाटतं, गोष्ट नेमकी उलटी असते. जी खोड लागू नये म्हणून हा सल्ला दिला जातो, ती खोड पुष्कळदा या सल्ल्यामुळेच पक्की होते.

अन्नाची राखण हा कुत्र्याचा रोग नाही, हे आधी मान्य करायला हवं. जे खाऊन जगायचं ते दुसऱ्याच्या हाती लागू न देणं ही प्राणिमात्राची साधी रीत आहे. आपण धान्याला कुलूप लावतो, तो त्यावर छाती टेकतो. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांच्या निरीक्षणांतून दिसतं, की पिल्लं जसजशी मोठी होतात तसतशी आई त्यांना अन्न वाटून द्यायला नाखूश होत जाते आणि मायलेकरांतही घासावरून झटापट सुरू होते. सख्खी आई जिथे आपला घास राखते, तिथे कुत्र्याने दुधात कुस्करलेली चपाती राखली तर त्याचं नवल वाटायला नको. आणि हे काही रानटी रक्त उसळून येणं नव्हे. ऑस्ट्रियातल्या वुल्फ सायन्स सेंटरमध्ये सारख्याच पद्धतीने वाढवलेल्या लांडग्यांच्या आणि कुत्र्यांच्या जोड्यांना एकत्र अन्न देऊन पाहिलं गेलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लांडगे शेजारी शेजारी खाताना जास्त वेळा आढळले. कुत्र्यांत मात्र दुबळा जोडीदार पुढे यायलाच धजत नव्हता. माणसाच्या सहवासात कुत्रा वाटून खायला शिकला, हा आपला गोड गैरसमज आहे.

मग ‘मालक कोण ते दाखवा’ ही कल्पना आली कुठून? तिचा उगम बंदिस्त लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं वर्णन 1947 मध्ये प्रसिद्ध केलं. कुठून कुठून आणून एका आवारात कोंडलेले ते प्राणी वरचढपणासाठी सतत भांडत होते, आणि त्या भांडणांतून ‘अल्फा’ लांडग्याचं चित्र तयार झालं. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ते जगभर पोहोचवलं. पुढे मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे मुक्काम ठोकून अभ्यास केला. 1999 मध्ये त्यांनी लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं असं एक कुटुंब असतं. तिथे गादीसाठी चढाओढ नसते. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंती ते नंतर प्रकाशकाला करत राहिले. चूक उघडपणे दुरुस्त करणारा असा शास्त्रज्ञ विरळा. पण दुरुस्ती पोहोचायला चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या ट्रेनरांपर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मेक यांचं आणखी एक निरीक्षण मोलाचं आहे. प्रत्येक लांडग्याच्या तोंडाभोवती एक छोटासा ‘मालकीचा परिसर’ असतो. त्यातलं अन्न कळपातला खालच्या पायरीवरचा प्राणीसुद्धा वरच्यापासून राखतो. म्हणजे लांडग्यांतसुद्धा तोंडाशी आलेला घास राखणं म्हणजे वरच्याची सत्ता उलथवणं नव्हे. वाडग्याजवळ गुरगुरणारा कुत्रा आपल्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, ही कल्पना आपल्या डोक्यातली आहे. त्याला खुर्ची नको आहे. त्याला चिकनचा तुकडा हवा आहे.

गुरगुर ही या गोष्टीची सुरुवात नसते, हेही सहसा लक्षात येत नाही. तिच्या आधी बऱ्याच पायऱ्या होऊन गेलेल्या असतात. कुणी जवळ आलं की खाण्याचा वेग एकदम वाढतो. मान वाडग्यात आणखी खाली जाते. अंग वळतं आणि वाडगा अंगाच्या आडोशाला येतो. चघळायला दिलेली कांडी उचलून कुत्रा पलंगाखाली जातो. मग तो क्षणभर दगडासारखा स्थिर होतो, तोंड अन्नातच, पण डोळे तिरके तुमच्याकडे, इतके की बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग दिसावा. हे सगळं झाल्यावरही माणूस मागे हटला नाही, तर गुरगुर, मग ओठ वर, मग हवेत मारलेला दात, आणि शेवटी चावा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जॅकलिन जेकब्स आणि सहकाऱ्यांनी कुत्रा पाळणाऱ्यांना व्हिडिओ दाखवून त्यांना राखण ओळखता येते का ते तपासलं. उघड आक्रमकपणा लोकांनी बरोबर ओळखला. घाईघाईने गिळणं आणि तोंड फिरवून बाजूला होणं मात्र कित्येकांच्या नजरेतून निसटलं. ‘काही कारण नसताना एकदम चावला’ ही तक्रार बहुतेक इथूनच जन्माला येते. कुत्र्याने चार वेळा सांगितलेलं असतं. आपण ते ‘अधाशी आहे मेला’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

म्हणूनच गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. गुरगुर म्हणजे इशारा. इशाऱ्याला फटका मिळाला तर कुत्रा इशारा देणं सोडेल, पण ज्या धास्तीतून तो इशारा आला ती धास्ती तशीच राहील. उलट आता त्या हातात अन्न काढून घेण्याबरोबर मारही आहे. असा गप्प झालेला कुत्रा बघून घरातले खूश होतात आणि पुढच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळून थेट दातावर येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरन आणि सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, की तुम्ही आधी काय काय करून पाहिलं आणि त्यावर कुत्रा काय म्हणाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांना कुत्र्याने आक्रमक होऊन उत्तर दिलं होतं. ज्यांनी तोंडातली वस्तू जबरदस्तीने ओढून काढली त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होतं, आणि ज्यांनी कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरलं त्यांच्यात 31. हे कुत्रे मुळातच तक्रारी असलेले होते, त्यामुळे सरसकट सगळ्या कुत्र्यांना हे आकडे लावता येणार नाहीत. पण धाकाचे उपाय अशाच कुत्र्यांवर वापरा म्हणून सांगितले जातात ना?

वाडग्यात हात घालण्याबद्दलचा थेट पुरावाही ग्वेल्फमधूनच आला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं, की ज्या घरांत खाणं चालू असताना वाडगा काढून घेतला जात होता तिथल्या कुत्र्यांत राखणीचा आक्रमकपणा जास्त तीव्र किंवा जास्त वारंवार असण्याची शक्यता अधिक होती, आणि ज्या घरांत खाताना वाडग्यात आणखी काही चविष्ट टाकलं जात होतं तिथे ती कमी होती. यावर चिकित्सक वाचक लगेच बोट ठेवील: कशावरून वाडगा काढल्यामुळे कुत्रा बिघडला? आधीच गुरगुरणाऱ्या कुत्र्याला वठणीवर आणण्यासाठीच लोक वाडगा काढत असतील. शंका रास्त आहे. अशा पाहणीतून दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढंच कळतं, कोणती आधी ते कळत नाही. तरीही दोन्हीपैकी कुठलंही उत्तर खरं धरलं तरी त्या सल्ल्याची बाजू लंगडीच राहते. वाडगा काढल्याने खोड लागत असेल तर सल्ला घातक आहे. आणि खोड असल्यामुळे वाडगा काढला जात असेल, तर इतकं काढूनही ती गेली नाही म्हणजे तो निरुपयोगी आहे.

‘आमचा तर तोंडात हात घातला तरी काही करत नाही’ असं सांगणारेही भरपूर भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. काही कुत्रे जात्याच निवांत असतात; त्यांना वाडग्याची फिकीर नसते. त्यांच्या शांतपणाचं श्रेय हात घालण्याला देणं म्हणजे ज्याला मुळात ताप नव्हता त्याचा ताप आपल्या काढ्याने उतरला म्हणण्यासारखं आहे. प्रश्न उरतो धास्तावलेल्या कुत्र्याचा, आणि त्याच्यावर हा प्रयोग रोज होतो तेव्हा तो रोज एकच धडा शिकतो, की माणूस जवळ आला म्हणजे अन्न जातं. आपण त्याला सहनशीलता शिकवतोय असं आपल्याला वाटत असतं; तो मात्र हिशेब शिकत असतो.

हाच हिशेब उलटा फिरवता येतो, आणि या विषयातली सगळी विद्या जवळजवळ तेवढीच आहे. नामदेवांची आख्यायिका मराठी वाचकाला सांगायला नको. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे निघाले, कोरडी कशी खाणार म्हणून. गोष्टीचा रोख भूतमात्रांत देव पाहण्याकडे आहे, पण कुत्र्याच्या वर्तनाचा अभ्यासक ती ऐकून मान डोलावेल. जवळ येणारा माणूस पोळी न्यायला येत नाही, तिच्यावर तूप घालायला येतो, हे एकदा कुत्र्याच्या मनात ठसलं की राखणीचं कारणच उरत नाही. खटकेल ते फक्त धावणं. पळणाऱ्या कुत्र्यामागे धावलं तर वाटीत तूप आहे की काठी, हे तो थांबून बघत नाही.

शास्त्राच्या भाषेत याचा धागा पावलॉव्हपर्यंत जातो. 1904 चं नोबेल मिळालेले हे रशियन संशोधक मुळात पचनाचा अभ्यास करत होते. अन्नाआधी येणाऱ्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांना त्यातूनच दिसलं. खुणेमागून जे येतं त्याचा रंग खुणेला चढतो. हे भीती घालवायलाही वापरता येतं, हे अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये दाखवलं. सशाला घाबरणारा पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दिवसांगणिक थोडा थोडा जवळ आणायचा. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे आपण. कुत्रा नेहमीचं साधं अन्न खात असताना माणसाने इतक्या लांब थांबावं, की त्याची मान ताठ होणार नाही. दोन मीटरवर तो घट्ट होत असेल तर तीन मीटरवर. तिथून वाडग्यापेक्षा सरस काहीतरी, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, वाडग्याच्या दिशेने टाकायचा आणि पाठ फिरवून निघून जायचं. पाठ फिरवणं महत्त्वाचं. न मागता दिलं आणि काही न घेता गेलं, हे दर वेळी पुरं व्हायला हवं. क्रमही सांभाळायचा: आधी माणूस दिसावा, मग तुकडा यावा. पिशवीची खसखस आधी आणि माणूस नंतर असं झालं, तर धडा उलटा बसतो.

काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच कुत्रा वाडग्यातून तोंड वर काढतो, अंग सैल, शेपटी सैल, आणि ‘आज काय आणलंस?’ अशा नजरेने बघतो. ही नजर दिसली की अर्धं पाऊल पुढे. दिसली नाही तर तिथेच. वाडग्यापर्यंत पोहोचायला कुणाला दोन आठवडे लागतील, कुणाला चार महिने. घाई करणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. साध्या अन्नावर जमलं म्हणजे हाडासारख्या चघळायच्या वस्तूवरही जमेल असं नाही. तिथे पुन्हा लांबून सुरुवात करावी लागते. वडिलांबरोबर जमलं म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींबरोबर जमेल असंही नाही. कुत्र्याची शिकवण माणसागणिक आणि खोलीगणिक वेगळी बसते.

इथे ठरलेला आक्षेप येतो, की गुरगुरल्यावर चिकन द्यायचं म्हणजे गुरगुरण्याला बक्षीसच. दिसायला तो बिनतोड आहे. पण पहिली गोष्ट, काम नीट चाललं असेल तर गुरगुर व्हायलाच नको. ती झाली याचा अर्थ आपण फार जवळ गेलो. तेव्हा काही न टाकता, न रागावता मागे व्हायचं आणि पुढच्या वेळी जास्त लांब थांबायचं. दुसरी गोष्ट, गुरगुर हे धास्तीचं लक्षण आहे, आणि गोड खाऊ घालून धास्ती वाढवता येत नाही. विजांना घाबरून रडणाऱ्या पोराला खडीसाखर दिली म्हणून ते पुढच्या पावसात जास्त घाबरत नाही. याच्याच जोडीचा दुसरा आक्षेप, असे लाड केले तर कुत्रा घराचा मालक होऊन बसेल. अन्न कोण विकत आणतं, डबा कोण उघडतं, दार कोण लावतं, फिरायला कधी जायचं ते कोण ठरवतं? इतकी सत्ता हातात असताना वाडग्यातल्या मूठभर भातावरून मालकी सिद्ध करावी लागणं जरा केविलवाणंच वाटतं.

‘शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ असा निवाडा देणाऱ्यांसाठी निवाऱ्यांमधला एक पुरावा बोलका आहे. अमेरिकेतल्या प्राणी-निवाऱ्यांत दत्तक देण्याआधी कुत्र्याला जेवायला घालून लांब दांडीवरचा रबरी हात त्याच्या वाडग्यात घालायची चाचणी रूढ होती. त्या हाताला जे चावले, त्यांच्यापैकी कित्येकांना घर मिळालंच नाही; पुष्कळांना मरण मिळालं. पुढे ही चाचणीच तपासली गेली. बॉस्टनच्या एका निवाऱ्यातून दत्तक गेलेल्या 97 कुत्र्यांचा मागोवा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीत राखण करणाऱ्यांपैकी 55 टक्के कुत्र्यांनी घरी तसं वर्तन केलं, म्हणजे जवळजवळ निम्म्यांनी केलंच नाही. आणि चाचणीत साळसूद ठरलेल्यांपैकी 22 टक्क्यांनी घरी राखण केली. ज्यांच्या घरी ती दिसली त्यांच्यापैकी बहुतेकांना ती फारशी अडचण वाटली नव्हती. म्हणजे हा गुण कुत्र्यावर कायमचा कोरलेला नसतो. पिंजऱ्यांच्या गोंगाटात, उद्या अन्न मिळेल की नाही याचा भरवसा नसताना तो एक वागतो. ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात, रोज वाडगा भरतो तिथे दुसरं. पुण्या-मुंबईत आज रस्त्यावरची पिल्लं दत्तक घेणारी घरं वाढली आहेत. अशा कुत्र्याने पहिल्या महिन्यात पोळीवर डोळे वटारले तर त्यात कृतघ्नपणा शोधू नये. त्याला अजून वेळापत्रकाची खात्री पटलेली नसते.

काही वेळा कारण मनात नसून शरीरात असतं. आतापर्यंत कधी न गुरगुरलेला सात वर्षांचा कुत्रा अचानक वाडगा राखू लागला, तर पहिली पायरी पशुवैद्याची; दात किडला असेल, कान ठणकत असेल, सांधे धरले असतील. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनिएल मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मांडलेला सावध अंदाजसुद्धा असा आहे, की वर्तनाच्या तक्रारीने तज्ज्ञांकडे पाठवल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्राण्यांत दुखण्याचा हात असतो. खाजेवर दिलेली स्टेरॉइड किंवा फिट्सवरचं फिनोबार्बिटल भूक भडकवतात. आपल्याकडच्या लाडक्या लॅब्रॅडॉरची तर आणखीच वेगळी गोष्ट. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे ते अन्नासाठी जास्त हपापलेले असतात. हपापलेला प्रत्येक कुत्रा राखण करतोच असं नाही, पण अशा कुत्र्याच्या तोंडचा घास गंमत म्हणून काढून बघणं म्हणजे आगीशी खेळ.

खरा पेच एकाच ठिकाणी आहे. कधीकधी तोंडातली वस्तू काढून घ्यावीच लागते. उंदराचं औषध, शिजवलेलं हाड, जे तुटताना टोकदार होतं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका. ही शेवटची दोन मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे द्राक्षांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. म्हणून ‘सोड’ हा शब्द कुत्र्याला आलाच पाहिजे, आणि तो संकट नसताना शिकवायचा असतो. खेळणं तोंडात असताना नाकाशी पनीर धरायचं, खेळणं सुटलं की ‘सोड’ म्हणून पनीर द्यायचं, आणि लगेच खेळणंही परत. परत देण्यात खरी मेख आहे. सोडलेलं बहुतेक वेळा परत मिळतं, ही पत एकदा तयार झाली की दहा वेळेतून एकदा ती खर्च करता येते. मोजा किंवा रिमोट पळवल्यावर घरभर आरडाओरडा करत मागे लागणारी मंडळी नेमकी उलटी पत तयार करतात. एरवी ज्याला कुत्र्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती तो मोजा, दहा माणसं त्याच्यामागे धावतात म्हटल्यावर, राखण्याजोगा खजिना ठरतो. निरुपद्रवी वस्तू असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन बिस्किटाचा डबा वाजवावा.

लहान मुलं असलेल्या घरात मात्र शिकवणीवर भिस्त ठेवू नये. पेनसिल्व्हेनियातच इलाना राइझनर आणि सहकाऱ्यांनी मुलांना चावलेल्या शंभराहून अधिक प्रकरणांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. सहा वर्षांखालच्या मुलांना झालेल्या चाव्यांत अन्न किंवा वस्तू राखण्याच्या प्रसंगातले चावे सर्वांत जास्त, 44 टक्के होते, आणि दोन तृतीयांश कुत्रे त्याआधी कुठल्याही मुलाला चावलेले नव्हते. रांगणारं मूल इशारा वाचू शकत नाही, मागे हटू शकत नाही, आणि त्याचा चेहरा थेट वाडग्याच्या उंचीवर असतो. इथे उपाय शिकवणीचा नाही, दाराच्या कडीचा. कुत्रा वेगळ्या खोलीत किंवा जाळीच्या फाटकाआड खाईल, खाऊन संपल्यावर आणि तो बाहेर गेल्यावर वाडगा उचलला जाईल, चघळायच्या कांड्या घरभर पडलेल्या राहणार नाहीत. दोन कुत्रे असतील तर दोन खोल्या. याला कुणी पळवाट म्हणतं, आणि त्याबद्दल माझं त्यांच्याशी मुळीच जमत नाही. जेवताना कुणी त्रास देऊ नये एवढीच कुत्र्याची मागणी असेल आणि ती एका दाराने भागत असेल, तर पुष्कळ घरांना एवढं पुरतं, पुढची सगळी विद्या न वापरता. मूल हाताशी आहे, घर एका खोलीचं आहे, कुत्रा आधी एकदा रक्त निघेपर्यंत चावलेला आहे, असं असेल तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याकडे जावं. जाळीचं मुसकं प्रेमाने घालायला शिकवणं, किंवा मुलं नसलेलं दुसरं घर शोधणं, यांतही कमीपणा नाही. आणि चावलंच, तर हळद, मिरची, चुना काहीही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. घरचा, लस टोचलेला कुत्रा असला तरीही.

सणावाराच्या दिवशी ही सगळी व्यवस्था नेमकी ढासळते. घर पाहुण्यांनी भरलेलं, मुलं धावताहेत, ताटाखाली सांडलेलं अन्न, आणि एखादे काका कुत्र्याच्या वाडग्यापाशी वाकून ‘बघू रे, मला चावतोस का’ म्हणत हात पुढे करताहेत. त्या दिवशी वाडगा सकाळपासूनच आतल्या खोलीत, दाराला वरची कडी, आणि काकांना आधीच सांगून ठेवलेलं, की तो जेवतोय.